बस्त्यात न बांधलेली साडी

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
६ एप्रिल २०२५

आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते आणि एकदम बातमीच सांगते. तुझे कान गेल्यापासून फोनवर तुला काही सांगायचं म्हणजे अख्ख्या सोसायटीला सांगण्यासारखं होतं, म्हणून हे पत्र. मी वर्षभर काहीही विकत घ्यायचं नाही असं ठरवलंय. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. हसू नकोस.

झालं असं, की पाडव्याच्या आधी मी बेडरूमचा माळा आवरायला काढला. मी वर चढून खोकी देत होते, तुझे जावई खाली उभे राहून घेत होते आणि अक्षदा ती उघडत होती. तर त्यात भाज्या चिरायचं एक यंत्र निघालं. मी ते कधी मागवलं तेच मला आठवेना. थोड्या वेळानं तसंच दुसरं निघालं. पहिलं मागवलेलं विसरून मी दुसरं मागवलं होतं, आणि दोन्हींची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. अक्षदा म्हणाली, "वहिनी, जुळी झाली की तुम्हाला." तुझ्या जावयांनी दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडली आणि पुढच्या खोक्यासाठी हात वर केले. ते हसले असते तर परवडलं असतं.

म्हणून नियम केला. किराणा, औषधं, मुलांच्या वह्या-पुस्तकं चालतील. कपडे, चपला, भांडी, पडदे, कानातलं, सगळं बंद. मोबाइलमधली खरेदीची सगळी दुकानं काढून टाकली. पहिले काही दिवस अंगठा आपोआप त्याच जागी जात होता, आता विसरलाय. कॉलेजच्या ऑफिसातल्या बायका म्हणतात, श्रावणापर्यंत टिकलीस तरी खूप. मी टिकून दाखवणार आहे, तू माझा स्वभाव ओळखतेस.

दुसरं म्हणजे अक्षदाचं बघायला सुरुवात करायचीय. सासूबाई गेल्यापासून ह्या नणंदेची आई मीच आहे, आणि मुलगी गुणाची आहे, मेडिकलमध्ये नोकरीला लागलीय. तुझ्या पाहण्यात आपल्यातलं चांगलं घर असलं तर सांग. घर मोठं नसलं तरी चालेल, माणसं सरळ हवीत.

तुझी,
ज्ञानू


सोयगाव
१७ एप्रिल २०२५

ज्ञानू, बाई, सुखात राहा.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारची भामाबाई काय झालं म्हणून चुलीवरची भाकरी तशीच टाकून आली. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्याला वरत म्हणत्यात व्हय? मंग म्या तर जलमापासून धरलंय. उद्यापन तेवढं व्हईना." भाकरी करपली ती करपलीच.

चेष्टा सोड. तुझं मला पटलं. तुझ्या घरी मी मागच्या वेळी आले तेव्हा पाणी प्यायला पेला शोधत होते, तर ओट्यावर मशीनच मशीन. बारा भानगडी आणि एक पेला सापडेना. तेव्हा कर, नेटानं कर. फक्त एक ऐक. उपास करणाऱ्या बाईनं आपला उपास गावभर सांगत फिरू नये. सांगितला की लोकांना वाढताना अवघड होतं. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढण्यात माझं आयुष्य गेलं, मला एवढं कळतं.

आता स्थळाचं. आमच्या खालच्या आळीला खंडेराव म्हणून आहेत. आपल्यातलेच. मेंढरं अजून आहेत, धाकटा भाऊ ती घेऊन रानोमाळ असतो, आणि थोडी कापसाची जमीन. त्यांचा मुलगा मल्हारी वाळूजला कंपनीत आहे, राहायलाही तिकडेच. माझ्याच अंगणवाडीत शिकला, खिचडी कधी सांडली नाही. आई मालनबाई, कमी बोलणारी बाई, शाळेत गेलेली नाही. कष्टाला वाघ. घरात दिखावा काही सापडणार नाही, पण खोटंही सापडणार नाही. तू म्हणशील तर शब्द टाकते. माझा शब्द तिथं चालतो आणि तुझ्याकडंही चालतो, तेवढं ध्यानात ठेवून पुढं चाल.

आत्या


गारखेडा
२ नोव्हेंबर २०२५

आत्या,

तुझ्या शब्दाला यश आलं. सुपारी फुटली, मार्चमधली आठ तारीख धरली, आणि अक्षदा सध्या मोबाइल खांद्यात धरूनच मेथी निवडते. मल्हारी मला फार आवडला. तुझे जावई त्याला कंपनीतलं विचारत होते आणि तो माहीत नाही ते सरळ माहीत नाही म्हणत होता.

मालनबाई घरी आल्या तेव्हा सोफ्यावर बसेचनात. मी हात धरून बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसले, कारण बाकी सगळ्या जागा पुरुषांनी अडवल्या होत्या. बाई खरोखर कमी बोलतात. माझ्या पदराचा काठ तेवढा दोन बोटांत धरून बघत होत्या. "ही तुमीच पसंत केली?" म्हणाल्या. मी म्हटलं, हो, पण जुनी आहे, यंदा मी नवीन काही घेत नाही, आणि माझ्या नियमाची सगळी कहाणी त्यांना सांगितली. त्यांनी नीट ऐकली. त्यांना ती पटली असावी, कारण मान हलवत होत्या.

दिवाळी खरेदीशिवाय झाली. एकही नवा धागा घरात आला नाही आणि आभाळ काही कोसळलं नाही. ऑफिसातल्या दोघी आता माझ्यासारखं करायचं म्हणताहेत. कॉलनीतल्या महिला मंडळानं मला बोलायला बोलावलं होतं, तेव्हा मी ती दोन यंत्रं टेबलावर ठेवून बोलले. टाळ्या पडल्या. तू गावभर सांगू नको म्हणाली होतीस ते आठवलं, पण चांगली गोष्ट सांगितली तर बिघडलं कुठं? तुझे जावई म्हणतात, घरात सामान कमी झालं हे खरं, पण तुझं व्रत सगळ्या खोल्यांत भरून राहिलंय. त्यांचं काय मनावर घ्यायचं.

ज्ञानू


गारखेडा
१२ जानेवारी २०२६

आत्या,

काल बस्ता बांधला. तू गुडघ्यामुळं आली नाहीस, नाहीतर भाचीचं कौतुक डोळ्यांनी पाहिलं असतंस. लग्नं मांडवात लागतात आणि बस्त्यात मोडतात, असं तूच म्हणायचीस. आमचा बस्ता मात्र चहा गार व्हायच्या आत आटोपल्यासारखा झाला.

गुलमंडीवरच्या दुकानात दोन्हीकडची माणसं एकाच गादीवर बसलो. नवरीचा शालू त्यांच्याकडून, नवरदेवाचे कपडे आमच्याकडून, हळदीच्या साड्या, टॉवेल-टोप्या, सगळं सुरळीत. मी मध्ये मध्ये हात घालत होते. ह्या मावशीला कशाला, त्या काकांना दोन-दोन कशाला, असं करत बरंच काही कमी करून टाकलं. पाहुण्यांची तोंडं जरा लहान झाली, पण उद्या हेच कापड कुणाच्या तरी पेटीत पडून राहणार आणि पुढच्या लग्नात फिरणार, हे कुणाला माहीत नाही?

शेवटी मानाच्या साड्या निघाल्या. नवरीची आई म्हणून पहिली माझी. मालनबाईंनी मांडीवरची एक साडी पुढं केली. मोरपंखी, जांभळा काठ, अंगभर मोठमोठ्या चमकीच्या बुट्ट्या. खरं सांगते आत्या, ती साडी मी या जन्मात नेसले नसते. पण ते कारण नाही. मी आपलं सरळ सांगितलं, "विहीणबाई, मला नको. मी यंदा काहीच घेत नाही, तुम्हाला माहीतच आहे. कपाट भरलंय माझं." दुकानातला माणूस म्हणाला, "मॅडम, सब ऐसेच बोले तो हम क्या गाँव जाके बकऱ्या चरावे?" त्यावर सगळे हसले. मालनबाईंनी साडीची घडी घातली. घडी घालायला तिथं दोन नोकर होते, पण त्यांनी स्वतःच घातली, काठाला काठ जुळवून, आणि परत दिली. किती समजूतदार बाई! दुसरी कुणी असती तर आग्रह करकरून जीव खाल्ला असता.

मग बस्त्याला हळद-कुंकू लावलं आणि गाठ मारली. समोरच्या हॉटेलात चहा घेऊ म्हटलं तर ते लोक थांबले नाहीत. सोयगावची एसटी चुकली असती, असं खंडेराव म्हणाले. पोचल्याचा फोन अजून आला नाही. तुझी गाठ पडली तर पत्रिका कधी छापताहेत तेवढं विचार.

ज्ञानू


सोयगाव
२० जानेवारी २०२६

ज्ञानेश्वरी,

तुझं पत्र मिळालं. ते मिळायच्या आधी बाकी सगळं मिळालं होतं.

फोन येणार नाही. सुट्टीवर आलेला मल्हारी पत्रिका छापायला निघाला होता, त्याला बापानं दारातून मागं बोलावलं. खंडेराव माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलले, म्हणजे अख्ख्या आळीनं ऐकलं. "सुगंधाबाई, त्यायला आमचं कापड चालंना, मंग आमचं पोरगं काऊन चालावं? भर दुकानात लोकं हासली. माझी बायको तवापासून दोन घास नीट जेवंना."

अगं, मानाची साडी ही खरेदी असते का? तुला मी कुठल्या शाळेत घातलं होतं ते आता विचारावंसं वाटतं. माळ्यावरचं खोकं निराळं आणि विहिणीच्या हातातली साडी निराळी. ती साडी तू घेतलीस म्हणजे आमची मुलगी तुमची झाली, तुमचा मुलगा आमचा झाला, एवढाच त्याचा अर्थ. नेसायची की नाही हा पुढचा प्रश्न. माझ्या पेटीत अशा किती पडल्यात, कुणी मला विचारायला येतं का? तू ती परत केलीस म्हणजे नातं परत केलंस. आणि वरून त्या बाईला समजूतदार म्हणतेस! बाई घरात येऊन भिंतीकडं तोंड करून निजली.

आता ऐक. मोठ्या घरची माणसं चूक झाली की मान देऊन भरून काढतात. मालनबाईला एक भारी साडी घे, अगदी बघणाऱ्याचे डोळे फिरतील अशी, आणि जावयांच्या हातून माझ्याकडं पाठव. मी नेऊन देते. बाईमाणूस आहे, चांगलं वस्त्र बघून मन वळेल. तुझ्या व्रताचं काय करायचं ते तू आणि तुझा देव बघा. अक्षदाचं लग्न मोडलं तर त्या पोरीला मी तोंड दाखवू शकणार नाही, आणि गावालाही नाही.

सुगंधाबाई


गारखेडा
२४ जानेवारी २०२६

आत्या,

खाली "आत्या" न लिहिता "सुगंधाबाई" लिहिलंस, तेवढंच पुरे होतं.

आधी मला राग आला. मी कुणाला शिवी दिली नाही, काही मागितलं नाही, उलट त्यांचा खर्च वाचवला, आणि गुन्हेगार मी? दोन दिवस घरात आदळआपट केली. मग काल संध्याकाळी अक्षदा माझ्याजवळ येऊन बसली. ती रडत नव्हती. म्हणाली, "वहिनी, मल्हारी म्हणतो आई बोलेपर्यंत मी काही करू शकत नाही. तुम्ही माझं वाईट करणार नाही हे मला माहीत आहे, पण आता काय करायचं ते सांगा." तिनं मला चार गोष्टी ऐकवल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सकाळी जाऊन साडी घेतली. पैठणी, लाल, पदरावर मोर. दुकानातल्या पहिल्याच पाच मिनिटांत घेतली, बघावंसंही वाटलं नाही. व्रत मोडलं. मोडलं ते मोडलं, त्याचं रडगाणं गात नाही. तुझे जावई हे पत्र आणि साडी दोन्ही घेऊन येताहेत. तू म्हणालीस तसं केलंय, आता पुढचं तू बघ.

ज्ञानू


सोयगाव
३१ जानेवारी २०२६

माझ्या ज्ञानू,

पैठणी माझ्या पेटीत आहे. मालनबाईनं तिला हातसुद्धा लावला नाही. मी उलगडून दाखवली, पदर दाखवला, मोर दाखवले. ती म्हणाली, "लई भारी हाय. ठिवा तुमच्याकडंच." बस. तू न घेऊन तिला दुखवलंस आणि आपण दोघींनी घेऊन दुखवलं. यात सल्ला माझा होता, तेव्हा माझा वाटा मोठा धर.

मग मी तिथून हललेच नाही. तिनं मेंढरांच्या कोकरांना पाला टाकला, मी तिच्याबरोबर बाजेवर बसून राहिले. माझ्या कानात तोंड घालून बोलावं लागतं, म्हणून माणसं माझ्याशी एक तर बोलतच नाहीत किंवा मग सगळं बोलतात. ती बोलली. तिचं तिच्याच शब्दांत लिहिते.

"सुगंधाबाई, म्या आजवर येक बी साडी सोता पसंत केली नाय. लग्नातली सासऱ्यानं आणली. मंग दिवाळीला मोठे दीर बाजारातून गठ्ठा आणायचे, साऱ्या जावांला सारख्या. जी हातात पडंल ती आपली. मेंढरांमागं व्हतो तवा तर ज्याच्या रानात बसवली त्याच्या मालकिणीनं दिलेली जुनी नेसायची. मला रंग कोंचा आवडतो, हे कुणी इचारलं नाय आन म्या बी मला इचारलं नाय. त्या दिशी दुकानात पोरगा म्हणला, आये, इहिणीची साडी तू काढ, आमाला काय कळतंय त्यात. मंग त्यो मानूस मला दाखवाया लागला. येकावर येक, येकावर येक. म्हणला, अम्मा, आराम से देखो. म्या किती येळ बगितल्या! त्यातून ती काढली. मोरपंखी. त्या बाई माझ्या पायाशी बसल्या व्हत्या, मला वर बसवून. इतका मान मला कुणी दिला नवता. म्हून त्यांच्यासाठी चांगली बगून काढली. मांडीवर धरून बसले व्हते, त्यांची पाळी कवा येती म्हून."

ज्ञानू, मी हे तुला टोचायला लिहीत नाही. तुला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. मी त्यांच्या शेजारी म्हातारी झाले तरी मला वाटलं होतं, प्रश्न मानाचा आहे आणि मान म्हणजे भारी कापड. तू पायाशी बसलीस ते जागा नव्हती म्हणून, हे तू मला लिहिलं होतंस. मी तिला ते सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

आता यापुढं मी सल्ला देत नाही. तिला जे लिहायचं ते तू स्वतः लिही. मी वाचून दाखवीन, तुझा एक शब्द इकडचा तिकडं करणार नाही.

आत्या


गारखेडा
३ फेब्रुवारी २०२६

विहीणबाई,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. हे पत्र आत्या तुम्हाला वाचून दाखवील.

माझं चुकलं. त्या दिवशी मला वाटलं की मी साडीला नको म्हणते आहे. तुम्ही माझ्यासाठी इतका वेळ बसून काढलेली साडी होती, तिच्याकडं मी नीट पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं ते एवढंच, की मी नेसते तशी ती नाही. माझ्या घरात इतक्या वस्तू आहेत की नको म्हणणं मला फार मोठं काम वाटायला लागलं होतं. त्याच्या मी टाळ्याही घेतल्या. तुम्ही शांतपणे घडी घातलीत तेव्हा मला वाटलं तुम्हाला पटलं. मला तेवढंही ओळखता आलं नाही, याची मला फार लाज वाटते.

मग मी पैठणी पाठवली ती दुसरी चूक. ती मी तुमच्यासाठी निवडलीच नव्हती. भांडण मिटावं म्हणून हाताला लागली ती उचलली. तुम्ही ती ठेवून घेतली नाहीत हे बरोबर केलंत.

काल ऑफिसातून परस्पर गुलमंडीला गेले. ती मोरपंखी साडी विचारली. विकली गेली. त्या माणसानं तसलीच दुसरी दाखवतो म्हणून सात-आठ काढल्या, पण तुम्ही काढलेली त्यातली कुठली असती ते मला कसं कळणार? मी काही न घेता परत आले.

माझं मागणं एवढंच आहे. माझ्यासाठी पुन्हा एकदा बसा. मी न्यायला येते, किंवा नका येऊ माझ्याबरोबर, तुमच्या मनाला येईल तशा जा. तुम्ही काढाल ती मी घेईन आणि नेसेन. आणि राग जाणारच नसेल तर तो माझ्यावर ठेवा. अक्षदाचा यात काही दोष नाही, तिला तुमच्या घरी यायचंय. हे मी तिची वहिनी म्हणून नाही, आई म्हणून मागते.

तुमची,
ज्ञानेश्वरी


सोयगाव
१२ फेब्रुवारी २०२६

(मालनबाई सांगते, मी लिहिते. ती म्हणाली, मी बोलते तसंच लिव्हा, तुमचं पुस्तकी घालू नका. म्हणून तसंच लिहिलंय. — सुगंधा)

इहीणबाई, राम राम.

तुमचं कागद सुगंधाबाईनं दोनदा वाचून दावलं. पयल्यांदा म्या रडले, दुसऱ्यांदा ह्या रडल्या. (खरं आहे.) राग व्हता. आता नाय. त्या भारी साडीचा बी राग नाय. ती सुगंधाबाईलाच राहू द्या, त्यांचा डोळा हाय तिच्यावर. (हे खोटं आहे.)

तुमी न्यायला येते म्हणल्या, पर म्या येकलीच गेले. मालकाला म्हणलं, तुमी नगं, पोरगा नगं, कुणी बी नगं. सकाळच्या यष्टीनं सिल्लोडला गेले. मोठं दुकान हाय तिथं, आजवर भाईरूनच बगितलेलं. आत गेले. त्यो मानूस म्हणला, बाई, कुणासाठी पायजे? म्या म्हणलं, त्ये मागून सांगते, आधी मला बगू दे.

मंग त्यानं काढल्या. हिरवी काढली, म्या म्हणलं नगं. गुलाबी काढली, म्हणलं ही बी नगं. येक लई चांगली व्हती, ती बी उगंच नगं म्हणले. त्यो काय बी बोलला नाय, दुसरी काढली. इहीणबाई, मला लई बरं वाटलं वो. तुमी त्या दिशी नगं म्हणल्या तवा मला वाटलं, ह्ये कसलं बोलणं. आता कळलं त्यात कसला आनंद असतोय. पर तुमाला येक सांगते. नगं म्हणाया बी आधी कुणीतरी पुढ्यात मांडाया लागतंय. मला आजवर कुणी मांडलंच नवतं.

दुपार कलली तवा येक काढली. शेंदरी हाय, हिरवा काठ, बुट्ट्या पयल्यापरीस बी मोठ्या. तुमाला आवडायची नाय, मला ठावं हाय. तुमच्या घरी पदर धरून तुमची साडी म्या बगितली व्हती, लई फिक्की व्हती. पर ही मला आवडली. कागदाबरूबर धाडते.

तुमचा नेम मोडला म्हून जीव जाळू नका. पाडवा अजून लांब हाय, उरलेला पाळा. ही तुमी घेतली नाय, म्या घेतली. तुमी फकस्त नेसायची.

पत्रिका छापाया टाकल्या. हळदीच्या दिशी गाडीतून उतराल तवा म्या दारात उभी असंल. मला लांबूनच कळंल तुमी कोंच्या त्या.

मालनबाई